ओक लॉनमधली चौकशी

इचलकरंजीत आम्ही ज्या खोलीत राहायचो ती मागाच्या शेडला चिकटलेली होती. मधली भिंत एकच. शेडमालकाने ती खोली बाबांना दिली होती, म्हणजे बाबा पाळी चुकवणार नाहीत. बाबा दुसऱ्याचे माग चालवायचे आणि आई त्याच शेडमध्ये आडव्या धाग्याच्या कांड्या भरायची. शाळेतून आलो की भरलेल्या कांड्यांची टोपली मागापर्यंत पोचवायचं काम माझं. मजुरी मीटरवर. वीज गेली की मजुरी गेली. कापडाला भाव नव्हता त्या वर्षी मालकाने अर्धे माग भंगारात काढले आणि बाबांना सांगितलं, बघा दुसरीकडे कुठे होतंय का. मागाबरोबर खोलीही गेली. पुढचा पावसाळा आम्ही मावशीच्या पडवीत काढला. मावशीचे यजमान रोज संध्याकाळी दारात उभे राहून विचारायचे, "अजून हाईसा व्हय?" गमतीत विचारायचे. बाबा हसायचे. मी हसत नसे.

हे कुणी हळहळावं म्हणून लिहीत नाही, पुढचं समजावं म्हणून लिहितो. असल्या घरातून वर आलेल्या माणसाकडे बघून कुणी हसलं, की तो आधी विचार करतो, ह्याला काय पाहिजे असेल? मी तसा माणूस आहे. आमच्या सगळ्या नात्यात कॉलेजात गेलेला पहिला मी, इंजिनियर झालेला पहिला मी आणि विमानात बसलेलाही पहिला मीच. याचा मला अभिमान आहे आणि तो मी कधी लपवलेला नाही.

लपवलं होतं ते वेगळं. मला मुली नाही, मुलगे आवडतात हे मला बारावीच्या आधीच कळलं होतं. त्यावर विचार करत बसायला सवड नव्हती. म्हटलं, आधी डिग्री, मग बघू. डिग्री झाली. पुण्यात नोकरी झाली. मग कंपनीने अमेरिकेला पाठवलं, डॅलसला लागून असलेल्या अर्विंगला. आता बघायची वेळ आली, आणि आईने नेमका तेव्हाच माझा बायोडेटा वाटायला काढला.

अर्विंगमध्ये आमच्या अपार्टमेंटच्या जिन्यात संध्याकाळी पाच प्रकारच्या फोडण्यांचा वास येतो. ग्रोसरीत भेंडी निवडताना बाजूला उभा असलेला माणूस आधी आडनाव विचारतो, मग गाव, मग "तिथले अमुक माहीत असतील ना तुम्हाला?" तीन प्रश्नांत तो तुमच्या आईच्या चुलीपर्यंत पोचतो. वाईट हेतू नसतो त्यात. पण मला ते तीन प्रश्न नको होते.

ओक लॉन तिथून गाडीने अर्ध्या तासाच्या आत. डॅलसमधली गे लोकांची वस्ती. एका लांब रस्त्याच्या दोन्ही अंगांना बार, नाचायच्या जागा, खाण्याची ठिकाणं, कपड्यांची आणि भेटवस्तूंची दुकानं. ऑफिसात एका गोऱ्याने जेवताना सहज उल्लेख केला, "ओक लॉनमध्ये ब्रंच भारी मिळतो," आणि मी मान खाली घालून डबा खात राहिलो. तो माझ्याकडे बघून का बोलला, यावर मी आठवडाभर विचार केला.

पहिल्यांदा गेलो ते शनिवारी दुपारी. मुख्य रस्त्यावर गाडी लावायची हिंमत नव्हती. दोन रस्ते मागे, जनावरांच्या दवाखान्याच्या पाठीमागे एक गल्ली सापडली. तिथे लावली. डॅशबोर्डवरचा गणपती काढून ग्लव्ह कंपार्टमेंटमध्ये ठेवला. मागच्या काचेवर मराठी मंडळाचा स्टिकर होता, तो मात्र निघेना. नखाने खरवडून बघितला. मग गाडी रिव्हर्स घेतली आणि मागची काच भिंतीला भिडवून उभी केली.

रस्ता दिवसाउजेडी इतका साधा होता की माझा संशय वाढला. कुत्री फिरवणारी माणसं. कॉफी पीत बसलेले दोन म्हातारे. दुकानादुकानावर सप्तरंगी झेंडे, आणि बँकेच्या काचेवरही तोच झेंडा. म्हटलं, बँक कधीपासून कुणाची नातलग झाली? एका दुकानात शिरलो. पुढे ग्रीटिंग कार्डं, सुगंधी मेणबत्त्या, टोप्या, आणि आत गेलं की असल्या चड्ड्या, की आईने बघितल्या तर म्हणाली असती, यात कापड कुठाय? काउंटरवरचा माणूस म्हणाला, "हाय हनी, टेक युअर टाइम." ह्याला मी कशाने हनी लागतो? मी एक कार्ड घेतलं, वाढदिवसाचं. कुणाचाच वाढदिवस नव्हता. पैसे देताना त्याने विचारलं, "व्हेअर आर यू फ्रॉम?"

मी म्हणालो, "ट्रिनिडाड." नकाशात ते कुठे येतं हे मला तेव्हा धड माहीत नव्हतं.

त्यानंतर मी जात राहिलो. काय शोधत होतो ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. एकदा संध्याकाळी नाचायच्या जागेत गेलो. दारावरच्या माणसाने माझं लायसन्स मशीनखाली धरलं. मी विचारलं, हे मशीन काय काय साठवून ठेवतं? तो म्हणाला, "ओन्ली युअर बर्थडे, डार्लिंग." माझा विश्वास बसला नाही. आत कर्कश काहीतरी असेल अशी तयारी करून गेलो होतो, तर आत काउबॉय हॅट आणि बूट घातलेले पुरुष जोडीजोडीने, एकमेकांच्या कमरेला हात लावून, शिस्तीत गोल फिरत नाचत होते. टेक्सासातला टू-स्टेप. त्यातली एक जोडी सत्तरीची. एकाने पँटवरून गुडघ्याला पट्टा बांधलेला, दुसरा त्याला वळणावर सांभाळून घेत होता. मी भिंतीला टेकून सोडा पीत उभा राहिलो. गाणं संपल्यावर पट्टेवाला माझ्याजवळ आला.

"सन, आर यू अ कॉप?"

मी म्हटलं, नाही.

"मग नाचाकडे बघ की. तू आल्यापासून दाराकडेच बघतोयस." असं इंग्रजीत म्हणून तो परत त्याच्या माणसाकडे गेला. म्हणजे संशय मला एकट्यालाच येत नव्हता. मलाही कुणीतरी निरखत होतं.

आईचा फोन त्याच सुमारास आला.

"पोरगी कोल्हापूरची हाय. फार्मसी केलीया. फोटू पाठवलाय, बघ."

"आई, मला विचारलंस का आधी?"

"इचारून कुणाचं लगीन झालंय आपल्यात? त्यांस्नी तुझं शिक्षण आवडलंय. आता चौकशी करणारायत फकस्त."

"कोण करणार चौकशी?"

"त्यांचं कोणतरी हाय तुझ्याच गावात. डॅलसला का कुठं."

"कोण पण? नाव काय?"

"मला काय ठाव? चौकशी सांगून करत्यात व्हय?"

बरोबर होतं तिचं. मुलगा परदेशात असला की मुलीकडचे लोक ओळखीतून ओळख काढून कुणालातरी सांगतात, जरा बघा हो, कसा आहे. त्या कुणालातरी काही काम नसतं असं नाही, पण हे काम तो मनापासून करतो. मी फोटो बघितला. साधी, नीटनेटकी मुलगी होती, कॅमेऱ्याकडे जरा दबकून बघत होती. तिचं माझ्याशी लग्न झालं असतं तर दोन आयुष्यं वाया गेली असती, आणि त्यातलं तिचं तर तिला न सांगता. नाही म्हणायला मात्र कारण द्यायला लागणार होतं. आणि त्याआधीच चौकशीवाल्याने मला ओक लॉनमध्ये बघितलं, तर ते कारण कोल्हापूरमार्गे आमच्या गल्लीत पोचणार होतं, कुठल्या तोंडून, कुठल्या शब्दांत, देव जाणे. आईला ते नळावर कळलं असतं.

त्या दिवसापासून मला अर्विंगमधला प्रत्येक मराठी माणूस चौकशीवाला दिसायला लागला. शेजारच्या काकू डबाभर श्रीखंड घेऊन आल्या आणि आत डोकावून म्हणाल्या, "एकटाच राहतोस का रे?" श्रीखंड मी खाल्लं, पण त्या दिवसापासून दार अर्धंच उघडायला लागलो. मंडळात एकाने विचारलं, वीकेंडला काय करतोस? म्हटलं, झोपतो.

ओक लॉनला जाणं बंद करायला हवं होतं. तेवढी अक्कल होती, पण गेलो. रविवारी दुपारी, ब्रंचला. अंगणात टेबलं मांडलेलं एक खानावळवजा ठिकाण मला आवडायला लागलं होतं, कारण तिथे वाढणारी बाई कुणालाच हनी म्हणायची नाही. आत पाऊल टाकलं आणि कोपऱ्यातल्या टेबलावर आमच्या मंडळातले काका.

काका म्हणजे मोठं प्रस्थ. भूल देणारे डॉक्टर, आता निवृत्त. चाळीस वर्षांपूर्वी मिरजेहून आलेले. गणपतीत आरतीच्या आधी पाच मिनिटं म्हणून वीस मिनिटं बोलणारे. सोबत त्यांच्या पत्नी, मंडळातल्या काकू. काकांनी टोपी कपाळावर ओढली होती आणि मेन्यू तोंडासमोर धरला होता. त्या मेन्यूच्या वरून त्यांचे डोळे मला दिसले. मी उलटपावली बाहेर.

मिरज आणि कोल्हापूर यांत अंतर ते किती! हाच तो चौकशीवाला, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही. दुसऱ्या एका रविवारी खात्री करायला म्हणून लांबून बघितलं, तर दोघंही पुन्हा तिथेच. म्हटलं, वा! काय निष्ठा आहे! नवराबायको पाळत ठेवून बसलेत, तेही ऑम्लेट खात.

मी तडक गाडीकडे निघालो. दवाखान्यामागच्या गल्लीत वळलो तर माझ्या गाडीशेजारी एक मोठी चंदेरी गाडी, तीही मागची काच भिंतीला भिडवून लावलेली. मी वाकून फटीतून बघितलं. काचेवर मंडळाचा स्टिकर.

मी सरळ होतोय तोवर मागून आवाज आला, "काय बघतोयस?"

काका. हातात कापडी पिशवी, पिशवीत स्टीलचा डबा. मला पळताना बघून टेबलावरची पिशवी तशीच उचलून मागोमाग आले होते बहुतेक. चेहरा असा की शस्त्रक्रियेच्या मध्येच पेशंट जागा झालाय.

"काका, तुम्ही माझ्या मागावर आहात ना?" मी म्हटलं. मला आडून बोलता येत नाही.

"मी? मी तुझ्या मागावर? अरे गाढवा, तू आमच्या मागावर आहेस! दोनदा आलास, बघितलंस आणि पळालास. मागच्या महिन्यात इथे फटीतून तुझा तो स्टिकर पाहिला तेव्हापासून हिला झोप नाही. कुणी पाठवलं तुला? मंडळात कुणाकुणाला बोललास?"

"कशाबद्दल बोलू?"

काकांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "तुला माहीत नाही?"

"मला फक्त एवढं माहीत आहे की कोल्हापूरवाल्यांनी माझी चौकशी तुमच्यावर सोपवलीय."

"ती सोपवलीच आहे," काका म्हणाले, "पण ती फोनवर करायची असते रे. त्यासाठी मी दर रविवारी इथे येऊन ते फुळकवणी सॉसवालं अंडं कशाला खाईन?"

मग काका गाडीला टेकले आणि म्हणाले, "माझी मुलगी राहते इथे. पलीकडच्या रस्त्यावर. तिच्या... तिच्या बायकोबरोबर." तो शब्द त्यांनी मराठीत उच्चारला आणि उच्चारल्यावर गल्लीच्या दोन्ही टोकांकडे बघितलं. "लग्नाला आम्ही गेलो होतो. मंडळात सांगितलं नाही. आता तू सांगणार असशील तर सांग."

दोघांनीही लपायला एकच गल्ली शोधली होती. एका भिंतीला दोन गाड्या पाठ लावून. मला हसू आलं, काकांना आलं नाही. त्यांनी मला डोक्यापासून बुटापर्यंत पाहिलं आणि विचारलं, "आणि तू? तू इथे कशाला येतोस?"

मी म्हटलं, "मी गे आहे, काका."

आयुष्यात पहिल्यांदा मी ते मोठ्याने बोललो होतो, आणि बोललो कुणापाशी, तर माझी चौकशी करणाऱ्या माणसापाशी. काकांनी पिशवी काखेत मारली. मग म्हणाले, "चल. हिला आधी सांगू दे की तू हेर नाहीस. तिचा बीपी वाढलाय."

टेबलावर काकू, आणि एव्हाना येऊन पोचलेल्या त्यांची मुलगी आणि मुलीची बायको. मुलगी माझ्याच वयाची, इथेच जन्मलेली. मला बघून तिने काकांना विचारलं, "बाबा, इज दिस द स्पाय?"

"नाही गं, तुमच्यातलाच आहे," काकू म्हणाल्या, त्यांनी काकांचा चेहरा वाचला होता. मग माझ्याकडे वळून, "बस. थालीपीठ खातोस?" समोर हॉटेलचं भरलेलं ताट असताना त्यांनी तो स्टीलचा डबा उघडला. वाढणारी बाई आली, तिने डबा बघितला आणि काही न बोलता एक रिकामी बशी आणून ठेवली. हे दर रविवारचं असावं.

काकांनी मग कामाचं काढलं. "कोल्हापूरच्या त्या मुलीचे काका माझ्याबरोबर मिरजेला शिकायला होते. उद्या सकाळी त्यांचा फोन यायचाय. त्यांचे प्रश्न ठरलेले आहेत. पितो का, आणि कुणी गोरीबिरी तर नाही ना."

"गोरी नाही, एवढं तुम्ही छातीठोक सांगू शकता," मी म्हटलं. काकांची मुलगी खळखळून हसली.

"थट्टा नको. हे बघ, मी खोटं बोलणार नाही, पण खरंही बोलायची गरज नाही. मी एवढंच म्हणेन, बघा बुवा, तुमचं तुम्ही ठरवा. एवढ्यावर स्थळ मोडतं. पुढे कुणी विचारत नाही. तू सुटलास."

मला ती पद्धत माहीत होती. 'तुमचं तुम्ही ठरवा' म्हटलं की समोरचा समजायचं ते समजतो. काय समजतो? पोरगा बाटली धरतो, बाई ठेवलीय, जुगार खेळतो, ज्याला जे सुचेल ते. ते गावात पोचतं आणि चिकटतं. ज्या पोराला आईबापांनी मावशीच्या पडवीत दिवस काढूनही शिकवलं, तो पोरगा वाया गेला असं लोक आईच्या तोंडावर म्हणणार. आणि आईला कारण माहीत नसल्यामुळे ती मान खाली घालून ऐकून घेणार.

मी म्हटलं, "नको काका. माझ्यात वाईट काहीही नाही. मग तसं का वाटू द्यायचं?"

"मग मी काय सांगू उद्या?"

"उद्याचं उद्या. आधी आईला माझ्याकडून कळू दे."

"विचार कर," काकू हळूच म्हणाल्या. "आम्हाला लेकीने सांगितलं तेव्हा आम्ही दोन महिने तिच्याशी बोललो नव्हतो. आणि आम्ही स्वतःला शिकलेले समजतो." त्यांची मुलगी बशीकडे बघत राहिली. तिच्या बायकोने, जिला मराठीचा एक शब्द कळत नव्हता, तिच्या पाठीवर हात ठेवला.

मी अंगणाच्या टोकाला गेलो. इचलकरंजीत रात्रीचे साडेदहा वाजले असतील. आई जागी होती.

"आई, मला लग्न करायचं नाही. कुठल्याच मुलीशी नाही. मला मुली आवडत नाहीत. मला पुरुष आवडतात."

पलीकडून टीव्हीचा आवाज येत होता. तो बंद झाला.

"हे कुठल्या डाक्टरनं सांगितलं तुला?"

"डॉक्टर कशाला सांगेल? मला माहीत आहे."

"तिकडं जाऊन झालं व्हय हे?"

"नाही. घरी असतानाच. शाळेत असल्यापासून."

"आन मला आत्ता सांगतूस." तिचा आवाज चढला, मग एकदम खाली आला, कारण बाबा शेजारीच होते. आयुष्य मागाच्या खडखडाटात गेल्याने बाबांना ऐकू कमी येतं, त्यांना काही सांगायचं म्हणजे गल्लीला सांगणं. ते मागून "काय म्हंतोय?" विचारत होते आणि आई "काय न्हाई, काय न्हाई" म्हणत होती.

मला वाटलं, आता ती फोन ठेवणार. ती म्हणाली, "त्या पोरीला ठाव हाय?"

"नाही. म्हणूनच आज सांगितलं."

"बरं केलंस. तिला कशाला अडकवायचं?" मग म्हणाली, "त्यांस्नी मी कळवते. माझ्या पोराला लगीन करायचं न्हाई, एवढंच सांगीन. का न्हाई, ते त्यांनी इचारायचं काय कारण?"

"आणि बाबांना?"

"ते माझं मी बघीन. तू मधी बोलू नगंस." आणि फोन ठेवला. आशीर्वाद नाही, रडणं नाही, बाकी काही नाही. त्यानंतर पंधरवडाभर तिचा फोन आला नाही आणि माझाही तिने उचलला नाही. मग एका सकाळी आला, बाबांच्या मोतीबिंदूबद्दल. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आधी करायचं की डाव्या, एवढंच बोलली. ते सगळं मी नीट ऐकून घेतलं.

काकांना सोमवारी फोन आला होता, पण चौकशीचा नव्हता. मुलाच्या आईनेच नकार कळवलाय, मुलाला लग्नच करायचं नाही म्हणे, असं तिकडून सांगितलं. काका म्हणाले, "मुलगा चांगला आहे, मी ओळखतो." त्यांनी एवढं आपणहून सांगितलं.

स्थळ मोडलं आणि माझ्याबद्दल कुणी वाकडा शब्द काढला नाही. आईला माझी गोष्ट माझ्याच तोंडून कळली. ती मुलगी फसली नाही. अर्विंगच्या घराचा करार संपल्यावर मी ओक लॉनमध्ये घर घेतलं, आणि आता तिथेच राहतो.